भिंतीवरची अक्षरे

भित्तिपत्रकाइतकी अल्पायुषी वस्तू छापखान्यातून दुसरी बाहेर पडत नसेल. पंचांग निदान वर्षभर जगते. वर्तमानपत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान मिळवते आणि मग पुड्या बांधण्याच्या कामी येते. पण खेळाची जाहिरात खेळ संपला त्याच रात्री मरते. दुसऱ्या दिवशी खळ फासून तिच्यावर दुसरी जाहिरात चिकटते, तिच्यावर तिसरी. आणि पावसाळा आला की सगळा थर भिंतीपासून सुटून गटारात पडतो. तिच्यासाठी कुणी हळहळत नाही, आणि छापणाराचीही तशी अपेक्षा नसते.

अशा वस्तूंपैकी एखादे पान पावणेदोनशे वर्षांवर टिकून राहावे, आणि त्यावरच्या अक्षरांचे वळण आज कॉफीच्या डब्यावर, पुस्तकाच्या वेष्टनावर आणि उपाहारगृहाच्या पाटीवर पुन्हा दिसू लागावे, ही नवलाची गोष्ट आहे. ते वळण आपण सर्वांनी पाहिलेले असते. एक ओळ जाडजूड, तिच्याखालची काठीसारखी उंच आणि अरुंद, तिसरी पसरट, चौथीतल्या अक्षरांना सावली, पाचवीच्या टोकांना फुलोरा. जणू एका कुटुंबातली सगळी माणसे दिवाळीच्या छायाचित्रासाठी दाटीवाटीने उभी आहेत आणि प्रत्येकाला वाटते आहे की आपण नीट दिसावे! ही अक्षरे कुठून आली, कुणी घडवली, कशी अडगळीत गेली आणि कशी परत आली, याची हकीकत मला सांगायची आहे. आपल्याकडे मुलाच्या अक्षराला 'वळण' असावे म्हणून आईबाप जिवाचे रान करतात. तेव्हा अक्षराच्या वळणाचा इतिहास मराठी घरात परका वाटू नये.

आरंभ एका प्रत्यक्ष जाहिरातीपासून करू. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गाव आहे; त्या काळी ते लँकेशायर परगण्यात होते. सहकाराच्या अभ्यासकांना ते परिचयाचे आहे, कारण १८४४ मध्ये तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी काढलेल्या दुकानापासून आधुनिक सहकारी चळवळीचा इतिहास सांगितला जातो. त्याच्या आदल्या वर्षी, १४ फेब्रुवारी १८४३ च्या मंगळवारी संध्याकाळी, या गावात पाब्लो फँक यांच्या सर्कशीचा एक खास खेळ ठरला होता. तो खेळ काइट आणि हेंडरसन या दोन कलावंतांच्या 'बेनिफिट'चा होता, म्हणजे त्या रात्रीचे उत्पन्न त्यांच्या पदरात पडायचे. त्या काळच्या खेळवाल्यांच्या कमाईत अशा रात्रीला मोठे महत्त्व असे. तंबू भरला तर काही महिने सुखाचे, रिकामा राहिला तर कष्ट फुकट. आणि तंबू भरायचा की नाही, हे पुष्कळसे भिंतीवरच्या एका कागदावर ठरायचे.

तो कागद आज ठाऊक आहे. सर्वांत वर मालकाच्या सर्कशीचे नाव, मग हंगामातली सर्वांत भव्य रात्र असल्याची ग्वाही, मग कलावंतांची नावे आणि त्यांचे पराक्रम. हेंडरसन कोलांट्या मारणार, माणसांवरून आणि घोड्यांवरून उड्या घेणार, कड्यांतून पार होणार आणि शेवटी खऱ्याखुऱ्या आगीच्या पिंपातून आरपार जाणार. झँथस नावाचा घोडाही येणार. मधे लाकडात कोरलेले चित्र आहे. प्रत्येक ओळीचे अक्षर निराळे आहे आणि ओळींची रुंदी मात्र डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत ताणून भरलेली आहे.

या कागदावर सर्वांत वर ज्याचे नाव होते त्या पाब्लो फँकचे खरे नाव विल्यम डार्बी. जन्म नॉर्विच गावचा, वंश आफ्रिकी. ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय सर्कसमालक म्हणून इतिहास त्याला ओळखतो. ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तो १८३३ साली, या खेळाच्या अवघी दहा वर्षे आधी. ज्या समाजात त्याच्या वर्णाच्या माणसाला पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत क्वचितच मानाची जागा मिळे, त्या समाजाच्या भिंतींवर त्याचे नाव वीतवीत उंचीच्या अक्षरांत गावोगाव लागत होते. बातम्या आणि बखरी ज्यांची दखल घेत नाहीत अशांची नावे पुष्कळदा जाहिरातीच सांभाळून ठेवतात. या क्षुद्र कागदांकडे आदराने पाहण्याचे हे पहिले कारण मला वाटते.

तो कागद पुढे जगप्रसिद्ध झाला तो एका गाण्यामुळे. बीटल्स या गायकवृंदाचे नाव आपल्याकडे १९६८ साली ते ऋषिकेशला आले तेव्हापासून घरोघरी माहीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जानेवारी १९६७ रोजी, केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावी चित्रीकरणासाठी गेले असताना जॉन लेनन यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून ही जाहिरात विकत घेतली, आणि घरी नेऊन तिच्यातलेच शब्द थोडेफार इकडेतिकडे करून गाणे रचले. घोड्याचे नाव बदलले, खेळाचे ठिकाण बदलले, पण काइट आणि हेंडरसन आपापल्या नावांनिशी राहिले. एका रात्रीच्या कमाईसाठी छापलेला कागद असा साऱ्या जगाच्या कानावर गेला! २०१२ मध्ये पीटर डीन या चाहत्याने त्या जाहिरातीची हुबेहूब प्रत लंडनच्या न्यू नॉर्थ प्रेस या छापखान्यात जुन्या पद्धतीने करवून घेतली. चित्र नव्याने लाकडात कोरले गेले, अक्षरे खिळ्यांनी जुळवली गेली आणि प्रती काढल्या बरोबर १,९६७.

मराठी वाचकाला यात एक योगायोग लक्षात येईल. रॉचडेलचा हा खेळ झाला त्याच १८४३ सालात विष्णुदास भावे यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. तो खेळ संस्थानिकांच्या आश्रयाने झाला. आश्रयदाता समोर बसलेला असताना भिंतीवर ओरडून सांगण्याची गरज नसते. पण १८५३ मध्ये भाव्यांच्या मंडळींनी मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले आणि त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत आल्या. आश्रयदात्याच्या जागी तिकीट घेणारा प्रेक्षक आला की खेळाला अक्षर लागते. राजा एक असतो आणि त्याला निरोप धाडता येतो. प्रेक्षक अनोळखी असतो आणि त्याला रस्त्यात गाठावे लागते.

आता ही धिप्पाड अक्षरे जन्मली कशी ते पाहू. अठराव्या शतकापर्यंत युरोपातले छापील अक्षर पुस्तकासाठी घडवलेले असे. ते हातभर अंतरावरून शांतपणे वाचायचे असते, म्हणून त्यात समतोल आणि संकोच असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडन फुगू लागले. कारखाने, दुकाने, लॉटऱ्या, नाटकगृहे आणि घोडागाड्या यांची एकच झुंबड उडाली, आणि चालत्या माणसाला वीस पावलांवरून हाक मारील असे अक्षर व्यापाऱ्यांना हवे झाले. वर्तमानपत्रातली जाहिरात महाग होती, कारण तिच्यावर सरकारी कर होता. १८३३ पासून तो दर जाहिरातीमागे दीड शिलिंग होता आणि १८५३ साली रद्द झाला. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाला हा कर नव्हता. तेव्हा भिंती भरून गेल्या त्यात नवल नाही.

लंडनच्या अक्षर-ओतणाऱ्यांनी या गरजेला भराभर उत्तरे दिली. १८०३ च्या सुमारास रॉबर्ट थॉर्न याने पुस्तकी अक्षराच्या जाड रेघा इतक्या फुगवल्या की अक्षराच्या पोटात जेमतेम पांढरी फट उरावी. १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स याने टोकांच्या नाजूक पायऱ्या काढून त्या जागी विटांसारखे चौकोनी तुकडे बसवले. १८१६ च्या सुमारास कॅस्लन घराण्याच्या ओतशाळेने एक बिनटोकांचे, साधे, सरळ अक्षर नमुन्याच्या पुस्तकात एका ओळीपुरते दाखवले. तेव्हा त्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. पण आज रेल्वेच्या पाट्यांपासून औषधाच्या बाटलीपर्यंत जी साधी बिनटोकांची रोमन अक्षरे आपण पाहतो, त्यांच्या छापील वंशावळीचा मूळपुरुष तो. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याच्या ओतशाळेने 'क्लॅरेंडन' नावाचे अक्षर नव्या कायद्याखाली नोंदवून तीन वर्षांचे संरक्षण मिळवले. ती मुदत संपताच इतरांनी त्याच्या नकला काढल्या. उसनवारीचा हा धंदा, म्हणजे, आजचा नव्हे.

पण एक अडचण होती. ही अक्षरे शिशाच्या मिश्रणात ओतायची. खिळा बोटभर असेतो ठीक; वीतभर उंचीचा झाला म्हणजे त्याचे वजन पेलत नाही, किंमत परवडत नाही, आणि गार होताना धातू सगळीकडे सारखा आकसत नसल्यामुळे त्याच्या माथ्याला खोलगटपणा येतो. माथा सपाट नसेल तर शाई सारखी उठत नाही. हा पेच सुटला अमेरिकेत, आणि सोडवला लाकडाने. लाकडात अक्षर कोरणे तसे जुनेच. पण एकेक अक्षर चाकूने कोरण्यात दिवस जात. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने १८२७ मध्ये गरगर फिरणाऱ्या पात्याचे यंत्र वापरून लाकडी अक्षरे झपाट्याने कोरण्याची रीत बसवली आणि १८२८ मध्ये त्यांचे नमुन्याचे पुस्तक काढले. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ याने त्या पात्याला पँटोग्राफची जोड दिली. पँटोग्राफ म्हणजे जोडकाठ्यांचे नकलेचे यंत्र: एका टोकाची सुई मूळ आकृतीच्या कडेने फिरवावी आणि दुसऱ्या टोकाच्या पात्याने तोच आकार लहान किंवा मोठा कोरत जावे. एकदा नमुना तयार झाला की त्याच्यावरून हव्या त्या उंचीचा संच काढता येऊ लागला.

लाकूड मुख्यतः मॅपलचे. झाडाच्या बुंध्याच्या आडव्या चकत्या कापून त्या दीर्घकाळ वाळवीत, आणि अक्षर कोरीत ते चकतीच्या माथ्यावर, म्हणजे जिथे लाकडाच्या तंतूंची टोके उभी असतात त्या बाजूला. उभ्या फळीवर कोरले तर तंतूंच्या रेषा छापात उठतात आणि दाबाखाली लाकूड खचते. टोकांच्या बाजूला मात्र ते घट्ट आणि गुळगुळीत असते. ताक घुसळण्याच्या रवीपासून पोळपाटापर्यंत लाकूड कसे धरावे हे आपल्या सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. तसलेच हे शहाणपण. शिवाय प्रत्येक ठोकळ्याची उंची धातूच्या खिळ्याइतकीच, ०.९१८ इंच, काटेकोर राखावी लागे. नाहीतर एकाच चौकटीत लाकूड आणि शिसे शेजारी बसले नसते.

पुढे हा मोठा उद्योग झाला. कनेक्टिकटच्या विल्यम पेज याने १८७४ मध्ये रंगीत लाकडी अक्षरांचे एक देखणे पुस्तक काढले. त्यातल्या अक्षराचे दोन ठसे असत. एक कड्यांचा, दुसरा पोटाचा. दोन्ही वेगवेगळ्या रंगांत एकावर एक छापले म्हणजे जिथे ते एकमेकांवर पडत तिथे आपोआप तिसरा रंग दिसे. १८८० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स गावी हॅमिल्टन यांचा कारखाना निघाला, त्याने एकेक प्रतिस्पर्धी विकत घेतला आणि शतक संपेपर्यंत अमेरिकेतल्या लाकडी अक्षरांचा बाजार बहुतेक त्याच्याच हाती आला. त्याच १८८० साली मुंबईत विष्णुपंत छत्रे यांनी आपली सर्कस उभी केली, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

ही अक्षरे वापरणारा जुळारी काम कसे करी, हे समजल्यावाचून जुन्या जाहिरातीचे रूप कळायचे नाही. आजचा पाहणारा म्हणतो, किती स्वच्छंदी मिश्रण! वस्तुतः त्यात स्वच्छंद थोडा आणि नाइलाज पुष्कळ होता. चौकटीची रुंदी ठरलेली. 'सर्कस' हा लहान शब्द त्या रुंदीत भरायचा तर पसरट अक्षर हवे; कलावंताचे लांबलचक नाव भरायचे तर अरुंद आणि उंच अक्षर हवे. गावच्या छापखान्यात एका वळणाचा एकच संच, आणि संचात एकेका अक्षराचे नग दोनचारच. पहिल्या ओळीत ते संपले की दुसऱ्या ओळीसाठी निराळे वळण उघडायचे. ग्राहक दाराशी उभा, शाई वाळायची आहे, आणि खेळ परवावर आलेला.

पण नाइलाजातही नीती होती. सर्वांत मोठे अक्षर कोणत्या शब्दाला द्यायचे हा निर्णय जुळाऱ्याचा. रस्त्यावरच्या माणसाने थांबावे म्हणून एक शब्द; थांबलेल्याने जवळ यावे म्हणून दुसरी ओळ; जवळ आलेल्याने खिशात हात घालावा म्हणून दर आणि वेळ. 'आणि', 'येथे', 'रोजी' असल्या बारक्या शब्दांना तो दोन ओळींच्या मध्ये चिमुकल्या अक्षरांत बसवी. वाचणाऱ्याच्या पावलांबरोबर अक्षरांची उंची उतरत जाते. आजच्या कलाशाळांत हा विषय मोठ्या पारिभाषिक नावांनी शिकवला जातो. या लोकांना त्याचे नाव माहीत नव्हते, काम माहीत होते.

असा एक छापखाना अजून चालू आहे, म्हणून ही गोष्ट केवळ पुराणवस्तूंची राहत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी १८७९ मध्ये चार्ल्स आणि हर्बर्ट हॅच या भावांनी तो काढला. त्यांचे पहिले काम हेन्री वॉर्ड बीचर यांच्या व्याख्यानाचे पत्रक. हे बीचर म्हणजे 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांचे बंधू. पुढे सर्कशी, फिरत्या नाटकमंडळ्या आणि गायकवादक यांची भित्तिपत्रके तिथे छापली जाऊ लागली. चार्ल्सचा मुलगा विल हॅच हा स्वतः लाकडात मोठाली चित्रे कोरी. १९५२ साली तो वारला तोवर छापखान्याचा तो आत्मा होता. बेसी स्मिथ आणि ड्यूक एलिंग्टन यांसारख्या कृष्णवर्णीय कलावंतांचीही पत्रके तिथे निघाली. हॉटेलांचे आणि नाटकगृहांचे दरवाजे जिथे रंग पाहून उघडत, त्याच दक्षिण प्रांतात.

पुढे ऑफसेट आणि छायाचित्रे आली आणि लाकडी अक्षरांचे दिवस भरले. शिवाय नव्या कलाविचाराने त्यांना तुच्छ ठरवले होते. यान चिखोल्ड याने १९२८ मध्ये नव्या मुद्रणकलेचा जाहीरनामाच जर्मनीत प्रसिद्ध केला. त्यात अलंकाराला आणि मध्यावर रचलेल्या मांडणीला थारा नव्हता. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडात 'हेल्व्हेटिका' या नावाने पुढे गाजलेले अक्षर निघाले आणि जगभरच्या कंपन्यांनी तो गणवेश चढवला. गंमत अशी की ज्या बिनटोकांच्या अक्षराला शुद्धतेचे प्रतीक मानले गेले, त्याचे कूळही त्याच एकोणिसाव्या शतकाच्या बाजारात होते. गाव विसरलेला शहरी नातू आजोबांच्या धोतराला हसावा, त्यातलाच हा प्रकार!

मग फेरा उलटला. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या पुश पिन स्टुडिओच्या मिल्टन ग्लेझर, सीमोर क्वास्ट प्रभृती मंडळींना ती शिस्तशीर शुभ्रता कंटाळवाणी वाटू लागली आणि त्यांनी जुन्या अक्षरांत पुन्हा रस घेतला. सॅन फ्रान्सिस्कोला १९६६ च्या सुमारास संगीताच्या जलशांची जी वितळल्यासारख्या अक्षरांची भित्तिपत्रके निघाली, त्यांत वेस विल्सन याने व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या अक्षरांचा आधार घेतला होता. आणि मिनिआपोलिसच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या रॉब रॉय केली याने विद्यार्थ्यांच्या छापखान्यासाठी म्हणून टाकाऊ लाकडी अक्षरे गोळा करता करता त्यांचा इतिहासच शोधून काढला. त्याचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचा संग्रह ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात आहे. ज्या कारागिरांची नावे कुणी विचारली नव्हती त्यांना एका शिक्षकाने इतिहासात जागा मिळवून दिली, हे मला त्या नव्या लाटेतले सर्वांत मोठे काम वाटते.

हॅमिल्टनच्या कारखान्याने १९८५ पर्यंत लाकडी अक्षरे केली. १९९९ मध्ये टू रिव्हर्सला त्यांचे संग्रहालय उभे राहिले. तिथे सुमारे पंधरा लाख लाकडी अक्षरे आहेत. तिकडे नॅशव्हिलच्या छापखान्याची सूत्रे १९८४ मध्ये जिम शेराडेन यांच्याकडे आली आणि त्यांनी एक साधे तत्त्व धरले: जतन करायचे ते छापून. अक्षरे काचेच्या कपाटात ठेवायची नाहीत, त्यांना शाई लावायची. १९९२ पासून तो छापखाना तिथल्या कंट्री म्युझिक फाउंडेशनकडे आहे, आणि आजचे गायक आपल्या जलशांची पत्रके तिथे त्याच ठोकळ्यांवर छापून घेतात.

दरम्यान संगणक आला. १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने जुन्या लाकडी अक्षरांवरून फॉण्टांचा एक संच काढला आणि त्यांना झाडांची नावे दिली: 'कॉटनवुड', 'आयर्नवुड', 'ज्युनिपर' वगैरे. ज्या वळणासाठी पूर्वी जड ठोकळ्यांची कपाटे लागत, ते बोटाच्या एका दाबावर आले. इथून पुढची आवड फार सोपी झाली, आणि सोप्या आवडीची परीक्षा कठीण असते.

कारण आज जिकडेतिकडे जे 'जुने' अक्षर दिसते त्यातले पुष्कळसे नुसते सोंग असते. लाकडी अक्षर वर्षानुवर्षे वापरून झिजते, त्याला ओरखडे पडतात, एखादा कोपरा उडतो. म्हणून नवा रचनाकार आपल्या कोऱ्या अक्षरावर मुद्दाम ओरखडे काढतो. वाचकांनी ही परीक्षा स्वतः करून पाहावी. एका शब्दात तेच अक्षर दोनदा आले असेल तर दोन्हींवरचे ओरखडे ताडून पाहा. अगदी सारखे असतील तर ते वार्धक्य रंगवलेले आहे. खऱ्या छापखान्यात दोन ठोकळे दोन आयुष्ये जगलेले असतात. चांगल्या फॉण्टकारांना हे ठाऊक असते, म्हणून ते एकेका अक्षराची अनेक रूपे देतात. पण नुसत्या हौशी कामात ती वापरण्याचे श्रम कोण घेतो?

मी सोंगाचा शत्रू नाही. सोंगावाचून ना नाटक ना शिमगा. पण मला असे वाटते की जुन्या जाहिरातीचे ऋण मानायचे तर तिची झीज उचलण्यापेक्षा तिची समज उचलावी. कोणता शब्द आधी, कोणता नंतर. कोणाचे नाव वर. किती थोड्या साधनांत किती दूर पोचायचे. एका ओळीला मोठे करायचे तर दुसरीने लहान व्हायला राजी झाले पाहिजे, ही ती समज. आजच्या पुष्कळ जाहिरातींत सगळेच शब्द ओरडतात आणि म्हणून कुणाचेच ऐकू येत नाही. रॉचडेलच्या त्या कागदावर गोंगाट दिसतो खरा, पण दोन क्षण नीट पाहिले की त्यात एक क्रम आहे, आणि त्या क्रमामागे दोन माणसांच्या पोटाची काळजी आहे.

आपल्या लिपीची कहाणी थोडी निराळी आहे. रोमन लिपीची मोठी अक्षरे सव्वीस. त्यांचा संच पुरा करणे सोपे. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे, यांचे मिळून शेकड्यांनी खिळे लागत. त्यात डोक्यावरची शिरोरेघ. बारीक अक्षरात दोन खिळ्यांमधली फट खपून जाते, पण वीतभर अक्षरात ती तुटलेल्या तोरणासारखी दिसते. म्हणून आपल्याकडे खेळाच्या अक्षराचा मान खिळ्यापेक्षा हाताकडे अधिक राहिला, असे माझे मत आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे स्वतः चित्रकार. आपल्या चित्रपटांच्या भित्तिपत्रकांत त्यांनी स्वतःचा कुंचला चालवला. आणि नाटकांच्या नावांना चेहरे दिले ते कमल शेडगे यांनी. १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'पासून पुढे कितीतरी नाटकांची शीर्षके त्यांच्या हातून अशी उतरली की वर्तमानपत्रातल्या दोन इंचांच्या जागेत नाटकाचा स्वभाव कळावा. १९३५ साली जन्मलेले शेडगे २०२० मध्ये गेले. 'मत्स्यगंधा' हे नाव त्यांच्या वळणावाचून आठवणे जुन्या नाट्यरसिकांना आजही कठीण जाते.

आता देवनागरीतही नव्या हातांनी हे काम उचलले आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मोदक' नावाचा फॉण्ट काढून तो सर्वांना मोफत दिला. तो इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटात जेमतेम फट उरते. थॉर्नने लंडनला जे रोमन अक्षराचे केले तेच इथे देवनागरीचे झाले आहे, आणि नावही आपल्या स्वयंपाकघरातले! दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे फॉण्ट केले आणि त्या फॉण्टांना त्या त्या पेंटरांची नावे दिली. ते २०२४ मध्ये निवर्तले. पण कारागिराचे नाव अक्षराला लावण्याची त्यांची रीत पुढे चालवण्यासारखी आहे.

हे सारे दिवाळीच्या अंकात कशाला, असे कुणी विचारील. तर कारण असे की दिवाळीआधी घरोघर माळे झाडले जातात. ट्रंकांच्या तळाला, फडताळांच्या फळ्यांवर अंथरलेले, जुन्या वह्यांत अडकलेले कागद या दिवसांत वर येतात: एखाद्या नाटकमंडळीचे हस्तपत्रक, सर्कशीचे पत्रक, मेळ्याच्या कार्यक्रमाचा पिवळा पडलेला कागद, आजोबांनी जपलेले तिकीट. ते बहुधा रद्दीच्या ढिगात जातात. टाकण्यापूर्वी ते खिडकीपाशी धरून एकदा नीट पाहावेत. सर्वांत मोठे अक्षर कोणत्या शब्दाला दिले आहे ते पाहावे, तळाशी बारीक ओळीत छापखान्याचे आणि गावाचे नाव असेल ते वाचावे, आणि मुलांनाही दाखवावे. नंतर तो कागद दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवावा. घडी घालू नये, चिकटपट्टी लावू नये. मागे पेन्सिलीने कुणाचा, कुठला, हे लिहून ठेवावे. सेव्हनओक्सच्या दुकानदाराने रॉचडेलचा कागद टाकून दिला असता तर पाब्लो फँकचे नाव आज इतक्या लोकांना कुठून कळते? आपल्या माळ्यावरच्या ढिगात कुणाचे नाव मोठ्या अक्षरांत वाट पाहत असेल, ते बघितल्यावाचून सांगता यायचे नाही.